ट्रान्सफॉर्मरच्या भारोभार

गिऱ्हाईक ट्रान्सफॉर्मर बघायला आलं की काय काय करतं, ते मी आयुष्यभर पाहिलं. कुणी कलिंगड घ्यावं तसं टाकीवर टकटक करून बघतं, कुणी रंगावर नख ओढतं. एका सिनेमा थिएटरच्या मालकाने तर तो चालू करायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि म्हणाला, "आवाज जरा खर्जातला आहे, आमच्या बाल्कनीत ऐकू येईल." पण दोन्ही हात टाकीखाली घालून, गुडघे वाकवून, दातओठ खात ट्रान्सफॉर्मर उचलून बघणारा माणूस सबंध नोकरीत एकच भेटला. त्याचं नाव हिराजी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना रंगांचे, रसायनांचे, औषधांचे कारखाने उभे राहत होते आणि त्यांच्यामधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ट्रान्सफॉर्मर बनवायचो. सानपाडा, नेरूळ ही नावं तेव्हा नकाशावर जास्त आणि जमिनीवर कमी होती. जमिनीवर होती ती भातशेती, मिठागरं आणि चिखल. मी कारखान्यात डिझाइन खात्यात होतो. खातं म्हणजे एक टेबल, एक ड्रॉइंग बोर्ड, एक स्लाइडरूल आणि मी. मालकांना सगळे काका म्हणत. काका सज्जन माणूस, पण कुठल्याही वस्तूची पारख ते हातात तोलून करायचे. दिवाळीला आम्हाला स्टीलचं पातेलं द्यायचे, तेही आधी स्वतः तोलून बघायचे आणि समाधान झालं तरच द्यायचे.

हिराजी घणसोलीच्या पुढे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरचा आगरी. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्याचा, बोलायला लाजणारा. नव्या शहरासाठी जमीन गेली, तेव्हा भावाभावांनी मिळून खाडीकाठी बर्फाचा कारखाना काढायचं ठरवलं होतं. यंत्रं बसली होती, वीज बोर्डाची लाइन दाराशी आली होती, राहिला होता तो ट्रान्सफॉर्मर. त्याची ऑर्डर आमच्याकडे आली होती आणि हिराजी नमुना बघायला आला होता. तसलाच एक ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कुणासाठी तयार होऊन उभा होता. हिराजीने तो उचलायचा प्रयत्न केला. ट्रान्सफॉर्मर जागचा हलला नाही. हिराजीच्या शर्टाचं एक बटण तेवढं तुटलं.

"सायब, यो किती किलो हाय?"

"हजाराच्या आतबाहेर."

हिराजी बाजूच्या तेलाच्या पिंपावर बसला. "आमचा पन येवढाच?"

"असाच असणार."

"हलका नाय भेटायचा?"

मला वाटलं, वाहतुकीची काळजी असेल. म्हटलं, ट्रक आमचा, क्रेन आमची, तुम्ही फक्त चौथरा पक्का करा. तो मान हलवून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशीही आला. रोज एकच प्रश्न, यातलं काय कमी करता येईल? शेवटी त्याला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला, तेव्हा सगळं बाहेर आलं.

आदल्या हंगामात पाड्यावर बर्फ लांबून ट्रकने यायचा. यायचा तेव्हा निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी. एकदा ट्रक वाटेतच बंद पडला आणि भरून आलेल्या होडीतली मासळी नासली. हिराजीच्या आईने, चांगुणाबाईने, स्वतःच्या हातांनी ती टोपल्या टोपल्या खाडीत परत ओतली. तिथून ती तडक गावदेवीसमोर गेली आणि नवस बोलली. आमच्या बर्फाच्या कारखान्यात वीज येऊ दे, त्या विजेच्या पेटीच्या भारोभार नारळ तुला देईन. पेटी आली की आधी नवस, मग बटण. आणि नवस फिटेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही.

"आईने पेटी बघितली होती का?" मी विचारलं.

हिराजी कपाकडे बघत म्हणाला, "मीच सांगितली व्हती."

"काय सांगितलं?"

त्याने दोन्ही हातांनी हवेत एक आकार दाखवला. त्यात फार तर लग्नातलं पानदान मावलं असतं.

तर असा सगळा घोळ होता. आगऱ्याच्या घरातल्या म्हातारीने मासळी सोडायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चांगुणाबाई वरणभातावर आली होती आणि दिवसेंदिवस उतरत चालली होती. नारळी पौर्णिमेला होड्या सुटणार, त्याआधी बर्फ हवा. बर्फाला ट्रान्सफॉर्मर हवा, ट्रान्सफॉर्मरला नारळ हवेत, आणि जितके किलो जास्त तितके नारळ जास्त, तितका उशीर आणि तितकी आई उपाशी. "नारलाचं मी बगतो," हिराजी म्हणाला, "उरनवरनं आनीन, अलिबागवरनं आनीन. पन आये तवर टिकली पायजे ना."

मी आजवर लोकांना ट्रान्सफॉर्मर मोठा का हवा ते समजावत आलो होतो. लहान का होत नाही, हे समजावायची पाळी पहिल्यांदाच आली. आणि हिराजी सहज समजून घेणाऱ्यांतला नव्हता.

ट्रान्सफॉर्मर आतून अगदी साधा असतो. मधे पातळ पोलादी पत्र्यांची चळत, तिला आम्ही कोअर म्हणतो. कोअरवर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एकात बोर्डाची चढ्या दाबाची वीज जाते, दुसऱ्यातून आपल्या वापरायच्या दाबाची बाहेर येते. हे सगळं तेलात बुडवलेलं आणि तेल टाकीत भरलेलं. हलतं काहीच नाही. म्हणूनच लोकांना वाटतं की एवढं लोखंड उगाच घातलंय.

"पत्रं कमी करा," हिराजी म्हणाला.

म्हटलं, पत्र्यांत चुंबकशक्ती वाहते आणि पत्र्याची ती पेलायची एक मर्यादा असते. कोअर बारीक केला तर तारेचे वेढे वाढवावे लागतात, म्हणजे तांबं वाढतं. तांबं कमी करायला गेलं तर कोअर जाड करावा लागतो. तोकड्या पांघरुणासारखी गत आहे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे. हिराजीने ते मान्य केलं, कारण ते सात भाऊ होते आणि पांघरुणाचा अनुभव दांडगा होता.

"मंग तांब्याजागी ॲल्युमिनियम घाला. हलका असतो."

प्रश्न बरोबर होता. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण तेवढीच वीज न्यायला तार जाड लागते. जाड तारेला जागा जास्त, म्हणून कोअर मोठा, म्हणून टाकी मोठी, म्हणून तेल जास्त. वाचवलेलं सगळं फिरून परत येतं.

"बरं, मंग अर्ध्या ताकदीचा द्या. कारखाना अर्धाच चालवीन."

"अर्ध्या ताकदीचा अर्ध्या वजनाचा नसतो, हिराजी. अर्ध्याहून बराच जास्त भरतो."

"म्हंजे दुप्पट घेतला तर दुप्पट नाय भरनार?"

"नाही. दुपटीहून कमी भरेल."

हिराजी माझ्याकडे संशयाने बघत राहिला. हे खरं आहे, आमच्या धंद्यातली ती जुनी ओळखीची गोष्ट आहे, लहान ट्रान्सफॉर्मर ताकदीच्या मानाने नेहमीच जड असतो. पण भाजीबाजारात असा हिशोब कुणी सांगितला तर मीही पिशवी उचलून चालू लागलो असतो.

मग माझीच जीभ वळवळली. बोलता बोलता सांगून बसलो की आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. ती जर जोरात मागेपुढे झाली, तर कोअर लहान चालतो, विमानात तशी वीज असते, म्हणून तिथले ट्रान्सफॉर्मर हातात मावतील एवढे असतात. हिराजी ताडकन उठला.

"मंग विमानाची द्या ना."

त्याला बोर्डाकडून तशी वीज मिळणार नाही हे पटवायला एक अख्खी सकाळ गेली. तो बोर्डाच्या कचेरीत जाऊन विचारूनही आला. तिथल्या साहेबाने आमच्या काकांना फोन करून विचारलं, तुमच्याकडे डिझाइनला कोण बसतं?

पण त्याने मला खरं निरुत्तर केलं ते तेलावरून. तेल कशासाठी, तर तारा आणि पत्रे तापतात, ती उष्णता तेल टाकीच्या नळ्यांपर्यंत आणून सोडतं. शिवाय दोन तारांमधे ठिणगी उडू देत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आकाराचं अर्धं कारण उष्णता आहे, तापला नसता तर आम्ही तो कितीतरी लहान केला असता. हे ऐकून हिराजी शांतपणे म्हणाला, "सायब, माजा कारखाना कसला हाय?"

"बर्फाचा."

"मंग तुमी तापायाला कनाला भिताव? मी बर्फात बसवतो त्याला."

खोटं काय होतं त्यात? संध्याकाळी घरी गेल्यावर मी खरोखर आकडेमोड करायला बसलो. बायकोने विचारलं काय चाललंय, म्हटलं ट्रान्सफॉर्मर बर्फात बसवतोय. तिने गॅस बंद केला आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर सुचलं. ट्रान्सफॉर्मर चालल्याशिवाय बर्फ होणार नाही आणि बर्फ झाल्याशिवाय तो लहान ट्रान्सफॉर्मर चालणार नाही. हिराजी यावर विचार करून म्हणाला, "पयला बर्फ इकत आनीन." मी हात जोडले.

पुढच्या आठवड्यात फाटकावरच्या वॉचमनने निरोप आणला, एक म्हातारी आली आहे, साहेबालाच भेटायचं म्हणते, आत यायला तयार नाही. मी बाहेर गेलो. चांगुणाबाई फाटकाच्या सावलीत बसली होती. काटक, नऊवारी घट्ट नेसलेली, गालाची हाडं वर आलेली. मुलगा कोण ते न सांगताही कळलं, कारण मी दिसताच तिनेही प्रश्न तोच विचारला, फक्त उलटा.

"सायबा, माजा पोर तुज्याकरं येतो ना, हलका कर म्हनून?"

"येतो."

"त्याचा ऐकू नको. तो मना भितो. मी मरन म्हनून भितो. तू जरा जादा लोखंड टाक त्याच्यात. देवीला म्हंजे हलका नवस नको. लोक म्हंतील, चांगुनानं पेटी बारकी करून घेतली आनि देवीला फसवली."

आता घ्या. पोरगा पुढच्या दाराने हलका कर म्हणतो आणि आई फाटकावर बसून जड कर म्हणते. शिवाय ऑफिसात काका होतेच, त्यांना प्रत्येक ट्रान्सफॉर्मर जड हवा असायचा. मी तिच्यासमोर दगडावर बसलो आणि सांगितलं, "आई, जास्तीचं लोखंड घातलं ना, तर ते रात्रंदिवस वीज खात राहील. कारखाना चालू असो की बंद. काम काही करणार नाही."

"म्हंजे बसून खानारा."

"बरोबर."

"तसला एक मेव्हना हाय आमच्यात," ती म्हणाली. "मंग नको."

"आणि कमी केलं तर तापून जळेल. जेवढं लागतं तेवढंच घातलंय. यातला एक किलो फुकटचा नाही."

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग कमरेचा बटवा काढून पान खाल्लं, मला दिलं आणि म्हणाली, "मंग तुज्या हिशोबात बसल तेवढाच दे. मी पोराला सांगते, तुला तरास देऊ नको." जाताना उठायला तिला फाटकाचा गज धरावा लागला. ते बघून मी आत गेलो आणि तिच्या ट्रान्सफॉर्मरचं काम रांगेतून काढून पुढे घेतलं.

तीन दिवसांनी हिराजी परत आला. त्रास द्यायला नव्हे. नक्की आकडा किती, एवढंच त्याला हवं होतं, म्हणजे तेवढे नारळ भरता आले असते.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला एक पितळी पट्टी असते. तिच्यावर ताकद, दाब आणि बाकीच्या गोष्टींबरोबर वजनही कोरलेलं असतं. लोकांना वाटतं की ट्रान्सफॉर्मर काट्यावर चढवून ते लिहितात. आमच्याकडे कुणी कधी तोललाच नव्हता. ड्रॉइंगवरून पत्र्याचं, तांब्याचं, तेलाचं वजन काढायचं, बेरीज करायची आणि माल बनण्याआधीच पट्टी कोरायला पाठवायची. खांबावर चढवलेला ट्रान्सफॉर्मर कोण उतरवून तोलणार? माझी बेरीज नऊशे ऐंशी झाली. पट्टीवर नऊशे ऐंशी कोरलं गेलं आणि हिराजीने मिठागराच्या काट्यावर तोलून नऊशे ऐंशी किलोचे नारळ पोत्यांत भरले. उरण, अलिबाग, घणसोलीचं दुकान, सगळीकडचे उचलले. खाडीच्या या काठाला नारळ औषधाला उरला नाही.

नवसाची तुला नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ठरली. ट्रान्सफॉर्मर देवळात नेणं शक्य नव्हतं, म्हणून देवीची पालखीच बर्फाच्या कारखान्यात आली. गावचा म्हातारा भगत म्हणाला, काटा नको, तराजूच पाहिजे, देवीला काट्यातला आकडा वाचता येत नाही. तेव्हा तराजू मी केला. सामान उचलायची आमची तीन पायांची लोखंडी तिवई, तिला मधोमध टांगलेला गर्डर, दोन्ही टोकांना साखळ्यांनी लटकवलेल्या लाकडी फळ्या. रिकामा तराजू समतोल उभा राहिला तेव्हा मला माझ्या कुठल्याही ट्रान्सफॉर्मरचा वाटला नसेल इतका अभिमान वाटला. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आमचा फोरमन गायकवाड चेन-पुली घेऊन हजर होता. हा मूळचा मराठवाड्याचा, अंगाने पहिलवान, कामाला वाघ.

आधी वाद झाला तेलावरून. हिराजीच्या एका भावाने मुद्दा काढला की नवस पेटीचा आहे, तेलाचा नाही, तेल काढून तोला. दोनशे किलोचा फरक पडला असता. हिराजीने आशेने माझ्याकडे बघितलं. भगताने काठी आपटली. "मानूस तोलताव तवा रगत काढून ठेवताव का?" तेल आतच राहिलं. मग चाकांवरून वाद झाला, ती पायांत धरायची की वहाणांत. वहाणा असतील तर काढाव्या लागतील, देवी समोर आहे. गायकवाड म्हणाला, वेल्डिंग केलेल्या हायेत, निघायच्या नाहीत. तेव्हा ते पायच ठरले.

ट्रान्सफॉर्मर एका फळीवर ठेवला. दुसरीवर पोती चढू लागली. ढोल वाजत होता. चांगुणाबाई पालखीजवळ हात जोडून उभी होती, तिला दोन सुनांनी धरलं होतं. शेवटचं पोतं चढलं. नारळांचं पारडं मात्र कमरेइतक्या उंचीवर होतं, तिथेच राहिलं. ट्रान्सफॉर्मर जमिनीला चिकटलेलाच. ढोलवाला आणखी थोडा वेळ वाजवत राहिला आणि मग थांबला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पट्टीकडे बघितलं. नऊशे ऐंशी.

"गायकवाड," मी हळूच म्हटलं, "टाकीला चार एमएमचाच पत्रा लावलाय ना?"

"न्हाय सायेब. चारचा सापडंना गोदामात. तुमी घाई लावली व्हती. सहाचा लावला." आणि मग धीर द्यायला म्हणाला, "चांगलाच हाय की. गंजायचा न्हाय."

त्या घाईचं कारण तिथेच पालखीजवळ उभं होतं. सबंध टाकीला दोन एमएम जास्तीचा पत्रा म्हणजे साठेक किलो. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघा, वजनदार मालच निघाला," आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता.

नारळ आणायचे कुठून? गावात घरटी एकेक होता, पण तो उद्या दर्याला द्यायचा. हिराजी एका शेजाऱ्याला विचारायला गेला, तर भगत ओरडला, "दर्याचा नारल देवीला घालताव? दोघांचा झगडा लावताव?" कुणीतरी पारड्यात तुळशीचं पान टाकून बघितलं. पुराणात त्याने काम झालं होतं. इथे पारडं हललं नाही, पान वाऱ्याने उडून ट्रान्सफॉर्मरवर जाऊन बसलं आणि भगताने ते घाईने उचललं, उगाच आणखी जड नको. उद्या होड्या सुटणार, आज नवस फिटला नाही तर बटण दाबता येणार नाही, म्हणजे बर्फ नाही. आणि चांगुणाबाई आणखी किती दिवस वरणभात खाणार, कुणाला ठाऊक. हिराजी पारड्याखाली उकिडवा बसला आणि त्याने तोंड हातांत घेतलं.

तेव्हा म्हातारी पुढे आली. "भगता, नारल काय असतो?"

"काय असतो म्हंजे?"

"त्याला शेंडी हाय. तीन डोले हायत. नारल म्हंजे मानसाचा डोस्का. देवीला मानूस देता येत नाय म्हून आपन नारल देतो. मंग मानूस दिला तर नारलावानी चालल का नाय?"

भगत विचारात पडला. सगळं गाव विचारात पडलं. मी तराजू मोडून ठाण्याला पळता येईल का, ते बघत होतो.

"चालल," भगत म्हणाला.

"मंग ज्यानी वजन लिवलं, त्यालाच चढवा."

मला चढायला शिडी लावली. गायकवाडने आधी मीच बसतो म्हणून मोठेपणा दाखवला, तो चढला तर पारडं धाडकन जमिनीवर आलं, तो जास्त झाला. काकांना कुणी विचारलं नाही. मग मी चढलो आणि नारळांच्या पोत्यावर मांडी घालून बसलो. तेव्हा मी अठ्ठावन्न किलोचा होतो. पारडं सावकाश खाली आलं, ट्रान्सफॉर्मर सावकाश वर उठला आणि दोन्ही फळ्या एका रेघेत थांबल्या. मी डिझाइन केलेला ट्रान्सफॉर्मर आणि मी एकमेकांसमोर हवेत लटकत होतो. त्याच्या पट्टीवरचं नऊशे ऐंशी मला तिथून स्वच्छ वाचता येत होतं.

ढोल सुरू झाला. भगताने गुलाल उधळला आणि जाहीर केलं, "पारड्यात चढला तो देवीचा."

मी वरूनच विचारलं, "नारळांचं पुढे काय करतात?"

"फोरतान," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

त्या क्षणी माझा चेहरा कसा झाला असेल, ते गायकवाड पुढे निवृत्त होईपर्यंत कॅन्टीनमध्ये करून दाखवायचा. चांगुणाबाई मात्र हसली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली, असं हिराजीने नंतर सांगितलं. म्हणाली, "तुला फोरून काय मिलनार? तू देवीची ठेव. तिनी तुला तुज्याकरंच सांबालाया दिलाय. बिगारलास तर तिला जबाब देवा लागल." भगताने त्यात भर घातली की अठ्ठावन्न किलो देवीचे, त्यावर जे वाढेल ते माझं, त्याच्याशी देवीचा संबंध नाही.

बटण दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी होड्या गेल्या त्या स्वतःच्या बर्फानिशी. पहिली मासळी आली तेव्हा मला बोलावणं आलं. जिताडं होतं. चांगुणाबाईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. हिराजी उंबऱ्यात बसून तिच्याकडे बघत होता आणि स्वतःच्या ताटाला त्याने हात लावला नव्हता.

नारळ पाड्याला बरेच दिवस पुरले. आमच्या कॅन्टीनमध्येही चार पोती आली आणि पावसाळा संपेपर्यंत आम्ही भाजी, आमटी, चटणी सगळ्यांत खोबरंच खाल्लं. दर वर्षी जत्रेला मी जायचो. म्हातारी माझं मनगट चाचपून बघायची आणि "देवीचा माल नीट हाय" म्हणायची. ती गेली तेव्हा मी खांदा दिला.

काकांच्या मागे आमची शेड विकली गेली. बर्फाचा कारखानाही उठला, तिथे आता टॉवर आहे, आणि तो ट्रान्सफॉर्मर भंगारात गेला. त्या पट्टीसाठी मी भंगारवाल्याकडे गेलो होतो, तोवर पितळ वितळून झालं होतं. ती मिळायला हवी होती, एवढी एक रुखरुख आहे.

त्या तुलेनंतर आणि विशेषतः पन्नाशीनंतर मी चांगला वाढलो. बायको तूप वाढायला नको म्हणाली की मी सांगायचो, हे वरचं माझं आहे, देवीने मोकळीक दिली आहे. मग गेल्या वर्षी आजारी पडलो. नेरूळच्या हॉस्पिटलमध्ये बरेच दिवस होतो. हिराजी भेटायला आला, आता तोही म्हातारा झालाय. त्याने माझी विचारपूस केली नाही, थेट नर्सकडे जाऊन माझं वजन विचारलं. परत आला तो गंभीर चेहऱ्याने.

"चौपन्न," तो म्हणाला. "देवीच्या ठेवीतले चार कमी हायत."

तेव्हापासून दर रविवारी तो घरी येतो. एका हातात जिताड्याच्या कालवणाचा डबा, दुसऱ्या हातात त्याच्या नातवाचा वजनकाटा. मी काट्यावर उभा राहतो आणि तो गुडघे वाकवून, कुरकुरत खाली बसून आकडा वाचतो. परवा छप्पन्न भरले. मी जेवायला बसलो, पण अर्ध्यातच ताट सारलं. म्हटलं, "पुरे हिराजी. या वयात दोन किलो इकडेतिकडे झाले तर काय बिघडतंय?"

तो आणखी वाढायला डबा उघडत होता, थांबला.

"सायब, तवा मी तुमाला इचारलं व्हतं, यातला थोडा कमी नाय का होनार. आयेनंबी इचारलं व्हतं, थोडा जादा नाय का होनार. तुमी आयेला काय बोललाव?"

मला आठवत होतं. फाटकाची सावली, दगड, पान.

"यातला एक किलो फुकटचा नाही," मी म्हटलं.

"मंग खावा," हिराजी म्हणाला आणि त्याने कालवण वाढलं.